डावीकडचं दार

तुमच्या मासिकातलं हे अनुभवांचं सदर मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला आडातून हाका येतात... वाचून झालं की मी म्हणतो, ह्या साक्षीदाराला फक्त दहा मिनिटं माझ्यासमोर उलटतपासणीला उभं करा! माझी सगळी हयात परभणीच्या कोर्टात गेली. ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मला झोपेतसुद्धा पाठ आहे. एखाद्या पक्षकाराने करणी-मूठ असलं काही काढलं, तर मी त्याला सांगायचो, "ते भूत बाहेर बाकावर बसव आणि तू एकटा आत ये."

असा माणूस आज स्वतःच लिहायला बसला आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही तुमच्यावर पुष्कळ हसलो आहे.

सन १९५८, नाताळच्या सुट्ट्या. ठिकाण — परभणी जिल्हा, जिंतूरकडून पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरणारा घाटरस्ता. आमचा मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला त्याला दोनेक वर्षं झाली होती. त्या अदलाबदलीत पुष्कळ जुने अंमलदार बिऱ्हाड आवरून हैदराबादला गेले. त्यातल्याच एकाने जाताना आपली काळी मोटार मला विकली. मोटार कसली, खटारा तो! सकाळी हँडल मारून मारून खांदा निखळायचा, आणि जरा चढ लागला की रेडिएटर चुलीवरच्या आधणासारखं उकळायचं. माझी बायको गोदावरी तिला 'म्हैस' म्हणायची. "म्हशीला पाणी पाजलं का?" असं विचारूनच ती आत बसायची.

ह्या म्हशीला एक खोड होती. तिचं डावीकडचं पुढचं दार नीट लागत नसे. मोटार उजवीकडे वळली की ते आपोआप भस्सकन उघडायचं. मी कितीदा म्हणालो, मिस्त्रीकडे नेतो. पण गोदा म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की. तुमी चाक धरा, मी दार धरते. मोटारीत मला तेवढंच काम हाय." आणि वळण दिसलं की पदर सावरून दोन्ही हातांनी दार ओढून धरायची, आणि वर मलाच सांगायची, "आहो, सावकाश!" बाजारातून जाताना लोक बघायचे. वकिलीणबाई दार धरून बसल्यात! तिला त्याची लाज नव्हती, उलट मजाच वाटायची.

आता आमच्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यासाठीच होतं.

रझाकारांच्या त्या वर्षी मी निजामाच्या तुरुंगात होतो. गोदा बाळंतपणाला माहेरी, जिंतूरजवळच्या खेड्यात. आषाढात मुलगी झाली. तिचं बारसंही व्हायचं होतं, तेवढ्यात गावावर रझाकार येणार अशी आवई उठली आणि अख्खं गाव रातोरात वऱ्हाडाच्या दिशेने निघालं. सरहद्दीपलीकडे छावण्या होत्या, तिथे पोचलं की जीव वाचणार होता. डोंगरात पाऊस आणि धुकं. ओली बाळंतीण बैलगाडीत आणि पुढे चिखलात गाडी फसल्यावर पायी. भीतीने तिचं दूध आटलं होतं. घाट उतरल्यावर पहाटे केव्हातरी पोर गार पडली. तिथेच एका तळ्याच्या काठी पुरली, वर दगड ठेवले आणि लोक गोदाला धरून पुढे घेऊन गेले. थांबायला कुणालाच सवड नव्हती.

पोलीस अॅक्शन झाली, हैदराबाद भारतात आलं, मी सुटलो. गावात लोक पेढे वाटत होते. मी छावणीत गोदाला गाठलं, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची लेक मी वाटंतच ठिवून आले वो."

मी तिला एकदाही पाहिलेलं नाही. कुणासारखी होती म्हणून विचारायचं धैर्य मला कधी झालं नाही, आणि गोदाने आपणहून सांगितलं नाही. पुढे आम्हाला मूल झालं नाही. गोदाच्या आईने बाळासाठी केलेलं चांदीचं बोंडलं तेवढं घरात राहिलं. बोंडलं म्हणजे तान्ह्या पोराला दूध पाजायची चोचीची लहानशी वाटी. गोदा दर दिवाळीला ते ट्रंकेतून काढायची, रांगोळीने घासून लख्ख करायची आणि जुन्या मऊ धडप्यात गुंडाळून परत ठेवायची. एका दिवाळीला ते तिच्या हातून उंबऱ्यावर पडलं आणि चोचीखाली पोचा आला. ती त्या दिवशी जेवली नाही.

मोटार आल्यावर आम्ही एकदा ती जागा शोधायला निघालो होतो. गोदाला खुणा आठवत होत्या — दगडी पायऱ्यांचं तळं, सगळ्यात वरची पायरी फुटकी आणि पाण्यावर पार ओणवा झालेला करंज. पण घाटाच्या तोंडाशी गेलो मात्र, दार सोडून तिने माझी बाही धरली. "परत चला. आज न्हाई. आज न्हाई होत माझ्याच्यानं." मी म्हैस वळवली.

मग पूर्णेवर मोठं धरण बांधायचं ठरलं. मोजणीवाले खोऱ्यात येऊन पांढऱ्या रंगाचे दगड रोवून गेले. त्या दगडांच्या खालचं सगळं पाण्यात जाणार. गोदाच्या कानावर हे आलं आणि तिची झोप उडाली. "आता जाया पायजे," ती रोज म्हणायची. पावसाळा संपला की जाऊ, असं आम्ही ठरवलं होतं. श्रावणात तिला ताप भरला. दवाखान्यात नेलं तेव्हा टायफॉइड बराच वाढला होता. एका संध्याकाळी ती चांगली शुद्धीवर होती. मला म्हणाली, "पाणी यायच्या आदी एकदा तिला बघून येऊ. मीबी येते." मी म्हणालो, "अगं, तू आधी बरी हो." तर जरा हसून म्हणाली, "येते की. मी नसले तर दार कोण धरील?"

दोन दिवसांनी ती गेली.

सवाष्ण गेली म्हणून शेजारच्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नवरीसारखी दिसत होती. मी फार वेळ बघू शकलो नाही. दिवस झाल्यावर मी तिची ट्रंक उघडली. वर लुगडी आणि तळाशी धडप्यात बोंडलं. हातात घेतलं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि होतं तसं गुंडाळून ठेवलं. ट्रंकेला कुलूप घातलं. किल्ली माझ्या घड्याळाच्या साखळीला लावली आणि ती साखळी मी अंघोळीखेरीज कधी काढत नसे. हे सगळं इतकं बारीक का सांगतो आहे ते पुढे कळेल.

नाताळची सुट्टी लागली. बाररूममध्ये सांगितलं की मी एकटाच मोटार घेऊन डोंगरात सहलीला जातो आहे. सगळ्यांना बरं वाटलं. एक जण म्हणाला, "वकीलसाहेब, हवापालट होईल. तळी बघा, डोंगर बघा, जरा माणसात या!" मीही मान डोलावली. खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. मोटारीत अंथरूण, दशम्या आणि पाण्याचा डबा भरला. डावीकडचं दार सुतळीने मोटारीच्याच चौकटीला बांधून टाकलं आणि निघालो.

पहिले दिवस खरोखर सहलीसारखेच गेले म्हणायचे. जिंतूरच्या मुसाफिरखान्यात मुक्काम केला. सकाळी उठून एकेक तळं हुडकत जायचं. त्या दिवसांत त्या डोंगरांवर धुकं इतकं दाट पडायचं की समोरचं झाड जवळ येईपर्यंत दिसत नसे, आणि मग ऊन आलं की एकदम सगळं उघडं व्हायचं — करडईची शेतं, ज्वारी, मधूनच निळं पाणी. एका तळ्यावर शिंगाड्याचे वेल होते आणि बदकं बसली होती. इतकं देखणं होतं की माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितलंस का?" आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ते तळं आमचं नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी दगडी पायऱ्या होत्या, धुणं धुणाऱ्या बायका होत्या. करंज विचारला तर एक म्हातारा म्हणाला, "हितं करंज कवाच नव्हता." असं होत होत शेवटचा दिवस उरला. घाट तेवढा राहिला होता. मी मुद्दामच तो मागे ठेवला होता का, कोण जाणे.

त्या सकाळी मोटार काढताना दाराची सुतळी घासून घासून तुटली. म्हटलं, बाजारात नवी घेऊ. पण दुकानं उघडली नव्हती, आणि मी माझ्याच विचारात होतो... विसरून गेलो. मुसाफिरखान्याचा चौकीदार, चांगला म्हातारा माणूस, कंदील घेऊन उभा होता. म्हणाला, "साब, इत्ती धुंद में कां जारैं? जरा सूरज तो निकलने देव." मी त्याचं ऐकलं नाही.

घाटात वाट दिसत नव्हती. डावीकडे दरी, उजवीकडे कडा आणि मधे पांढरं पीठ सांडावं तसं धुकं. मी डोकं खिडकीबाहेर काढून चालवत होतो. एक वळण, दुसरं, तिसरं. गिअर, ब्रेक, परत वळण... आणि मला भीती वाटत नव्हती. हे मला त्या वेळीही जाणवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं मन निवांत होतं. आपण एकटे नाही, असं मोटारीत वाटत होतं. पण ते मनाचे खेळ असतात, मी काही त्याचा पुरावा म्हणून उपयोग करत नाही.

घाट उतरून खोऱ्यात आलो आणि समोर मेंढरं आली. सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. कुत्रं भुंकलं, मी मोटार कडेला घेऊन बंद केली. रेडिएटर फुसफुसत होतं. मेंढरं पुढे गेली तरी मी जरा वेळ चाकावर हात ठेवून तसाच बसलो. मग पाण्याचा डबा घेऊन बघितलं तर तो रिकामा. जवळच कुठून तरी धुराचा वास येत होता, त्या वासावर गेलो.

तिथे धनगरांनी मेंढरांचा वाडा घातला होता. म्हणजे जाळीचं कुंपण आणि बाजूला राहायला कापडाचं पाल. पालापुढे तीन दगडांच्या चुलीशी एक बाई बसली होती, माझ्याहून थोडी वडील असेल. तिचं नाव कोंडाबाई, ते मला मागाहून कळलं. मला बघून ती जराही बिचकली नाही.

"या दादा, शेकत बसा. लय गारठा पडायलाय. दिलं बरं का मी बाईला दूध."

"कुठल्या बाईला?"

"आता वो! तुमच्याच की. त्या मोटारीतनं उतरल्या न्हाईत का? आत्ता येऊन गेल्या. हातात चांदीचं बोंडलं हुतं. म्हणल्या, लेकराला पाजायचंय, मेंढीचं ऊन ऊन दूध द्या जरा."

मी म्हणालो, "बाई, मी एकटाच आलोय."

ती खुदकन हसली. "भांडून आलाव का काय वाटंत? आसूं द्या, नवरा-बायकोचं आसंच आसतंय. त्या तिकडं तळ्याकडं गेल्या बघा."

वकिली सवय म्हणा, पण तशाही स्थितीत मी प्रश्नच विचारला. "कशी होती दिसायला?"

"कशी म्हंजे? ठेंगणी, गोरटेली. हिरवंगार लुगडं नेसलेली, आन् कपाळाला ह्यो एवढा मळवट. मी इचारलं बी — बाई, कुण्या लगनाला जायलाव का? तर नुसत्याच हासल्या."

आमच्याकडे बाईचं कपाळ असं दोनदाच भरतात. एकदा लग्नात. कोंडाबाईला लग्नच आठवलं, त्यात तिची काही चूक नव्हती. मोटारीतून उतरलेल्या, दूध मागणाऱ्या बाईला बघून दुसरं कोण काय समजणार?

मी तिला विचारलं, तिकडे काय आहे. ती म्हणाली, "तळं हाय. करंजाखाली लेकराचं ठिकाण हाय. आमची सासू सांगायची, रझाकाराच्या वक्ताला एक बाळंतीण वऱ्हाडाकडं पळायली हुती, तिचं लेकरू हितं ठिवलं. तवापसून आमचा वाडा हितं आला की आमी पयलं तितले दगूड नीट लावतोत, वर बोराटीची काटी टाकतोत. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू न्हाई म्हणून. मेंढरू बी बसू देत न्हाईत तितं."

आम्ही दोघं परभणीत बसून रात्र रात्र जागत होतो, आणि इथे दर साली कुणीतरी माझ्या लेकीचं पांघरूण नीट करत होतं. ना ओळख, ना देख. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ते राहून गेलं.

तळ्याकडे मी पळतच गेलो. धुक्यातून आधी पायऱ्या दिसल्या. सगळ्यात वरची फुटकी. मग पाण्यावर ओणवा झालेला करंज आणि त्याच्या बुंध्याशी दगडांचा लहानसा, अगदी हातभर ढीग. ती काट्यांची फांदी कुणीतरी अलगद बाजूला काढून ठेवली होती. वरच्या दगडावर बोंडलं होतं.

दगड दुधाने पांढरे झाले होते. मी हात लावला, दूध अजून कोमट होतं.

बोंडलं उचललं. चोचीखाली पोचा. मी दहा वेळा बोट फिरवलं असेल त्याच्यावरून. जमिनीवर पाऊल शोधलं, पण सगळीकडे मेंढरांच्या खुरांचा चिखल झालेला. मग मी मोठ्याने हाक मारली, "गोदा!" चार माणसांत मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. तळ्यावरचा एक बगळा उडाला.

मग मी खाली बसलो आणि रडलो. गोदा गेली त्या दिवशी रडलो नव्हतो इतका रडलो. लेकीशी काय बोललो ते लिहीत नाही. बाप पहिल्यांदा लेकीशी बोलेल तसं काहीबाही. तिला उचलून आपल्याबरोबर न्यावं, असंही मनात आलं. आजूबाजूला मोजणीवाल्यांचा दगड दिसतो का बघितलं, तर धुकं जरा विरळ झालं होतं आणि तो वर, टेकाडावर, आमच्या डोक्याच्याही बराच वर उभा होता. म्हणजे हे सगळं जाणार होतं. पण दगडांना हात लावला आणि मला धीर झाला नाही. वाटलं, आत्ताच तर हिचं पोट भरलंय, आत्ताच डोळा लागला असेल. हसा हवं तर. मी काटी पुन्हा वर ठेवली आणि उठलो.

कोंडाबाईकडे परत आलो तेव्हा बोंडलं माझ्या हातात होतं. तिने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"रिकामंच घिऊन चाललाव? लेकराचं भांडं रिकामं न्हेत न्हाईत, दादा. आना हिकडं." तिने माझ्या हातून ते घेतलं, चरवीतलं दूध त्यात काठोकाठ ओतलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. मग माझ्या मागे वाकून बघितलं. "आन् बाई?"

त्या वेळी जे तोंडाला आलं ते बोललो. "ती थांबतीय."

"बरं हाय की," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या जरा. सांजच्याला न्यायला या मग. तवर मी हाय की त्यांच्यापाशी."

तिच्याच घागरीतलं पाणी रेडिएटरमध्ये घातलं, हँडल मारलं. म्हैस पहिल्याच झटक्याला चालू झाली, जे एरवी कधी होत नसे. एका हातात चाक आणि दुसऱ्या हातात दुधाने भरलेलं बोंडलं. सांडू नये म्हणून बैलगाडीच्या चालीने निघालो.

घाटाचं पहिलं उजवं वळण आलं. मी चाक फिरवलं, आणि डावीकडचं दार भस्सकन उघडलं.

गार धुकं आत आलं. मी ब्रेक दाबला आणि त्या उघड्या दाराकडे बघत राहिलो. तेव्हा मला आठवलं, सुतळी सकाळीच तुटली होती. सबंध घाट मी दार न बांधता आलो होतो. इतकी उजवी वळणं घेतली होती, गचके बसले होते, एकदा तर जोरात ब्रेक मारला होता. दार एकदाही उघडलं नव्हतं. एकदाही नाही!

दार ओढून घ्यायला हात मोकळा नव्हता. बोंडलं खाली ठेवलं असतं तर सांडलं असतं. मी तसाच निघालो. प्रत्येक उजव्या वळणाला दार उघडत होतं, डाव्या वळणाला आपटून बंद होत होतं, परत उघडत होतं. घाट संपेपर्यंत तसंच चाललं होतं.

परभणीला आल्यावर तोंडही न धुता ट्रंकेपाशी गेलो. कुलूप जागच्या जागी. किल्ली साखळीला. उघडलं. लुगड्यांची घडी मोडली नव्हती. तळाशी धडपा होता, गुंडाळलेलाच, पण आत काही नव्हतं. मी तो झटकून बघितला. लहान मूल झटकतं तसा परत परत झटकला.

बोंडल्यातलं दूध वाटेत थोडं हिंदकळलं होतं. उरलेलं मी गोदाच्या तुळशीला घातलं.

आता स्पष्टीकरण. मी स्वतःची उलटतपासणी पुष्कळ घेतली आहे. दुःखाच्या भरात मीच बोंडलं बरोबर नेलं आणि विसरलो? कबूल, माणूस विसरतो. पण मग तळ्यावर कोणी नेऊन ठेवलं? मी तर मोटारीतच बसून होतो. कोंडाबाईने खोटं सांगितलं? तिने मला जन्मात पाहिलं नव्हतं. हिरवं लुगडं आणि मळवट तिला कोण सांगणार? आणि दाराचं काय? थंडीने दार आवळलं असेल असं एक जण म्हणाला. असेल. मग परतीला कसं सैल झालं? मी पुन्हा दोनदा त्या बाजूला गेलो, पण वाडा उठून गेला होता, कोंडाबाई भेटली नाही. पुढे धरण झालं. पाणी पांढऱ्या दगडांपर्यंत आलं. मोठं थोरलं तळं आहे आता तिथे, लोक मुद्दाम बघायला जातात. सकाळी त्याच्यावर धुकं असतं. मी काठावर जाऊन बसतो, आणि मला काहीही दिसत नाही, काही ऐकू येत नाही.

परत आलो त्याच आठवड्यात मी मोटार मिस्त्रीकडे नेली. त्याने दाराची कडी काढली, ठोकली, दुसरी बसवली. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. दार दोन-चार वेळा उघडून, लावून, आपटून दाखवलं आणि म्हणाला, "लेव साब. अब कोई पकड़ के बैठने का काम नइं."

मी बरं म्हणालो.